क्लेचे दोन फ्री थ्रो आणि नंतरचं १५-५०

परवा जुन्या मॅचेसचे तुकडे बघत बसलो होतो आणि नेमका तोच समोर आला, १४ जून २०१९ ची सकाळ, म्हणजे तिकडे अजून १३ तारीखच. ओकलंडचं ओरॅकल अरिना, एनबीए म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगच्या फायनल्सची सहावी मॅच, गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध टोरोंटो. आपल्याकडे साडेसहाला सुरू व्हायची, मी ऑफिसला जायचं म्हणून आंघोळ उरकून, ओल्या केसांनीच टीव्हीसमोर.

वॉरियर्सचा क्ले थॉम्पसन भन्नाट खेळत होता, २८ पॉइंट झालेले. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी डंक मारायला, म्हणजे बॉल वरून रिंगमध्ये कोंबायला उडाला, टोरोंटोचा डॅनी ग्रीन फाउल करत आडवा आला आणि उतरताना डावा गुडघा वळला. लोक त्याला धरून आत घेऊन निघाले आणि अर्ध्या वाटेतून हा पठ्ठ्या परत फिरला, कारण फाउलचे मिळालेले फ्री थ्रो त्याने स्वतः मारले नाहीत तर नियमाने त्याला त्या मॅचमध्ये परत येता येत नाही. आला, दोन्ही टाकले, वर डिफेन्सला पळायला पण लागला!! आई चहा घेऊन आली होती, तिला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, ती म्हणाली, "अरे लंगडतोय तो, बसवा की त्याला कुणीतरी." शेवटी वॉरियर्सनी मुद्दाम फाउल करून त्याला बाहेर काढलं. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट, फाटलं होतं. मॅच ११४-११० ने गेली, कप टोरोंटोला.

त्याच्या तीनच दिवस आधी वॉरियर्सच्याच केव्हिन ड्युरंटचं झालं होतं. पोटरी दुखावल्यामुळे महिनाभर बाहेर, पाचव्या मॅचला उतरला, १२ मिनिटांत ११ पॉइंट, आणि मग उजवी अकिलीस, टाचेमागची शीर, गेली. टोरोंटोच्या प्रेक्षकांत काही जण चक्क ओरडून आनंद साजरा करत होते, त्यांना गप्प बसा म्हणून हात करणारे त्यांचेच खेळाडू, काइल लाउरी वगैरे. ती मॅच वॉरियर्सनी एका पॉइंटने काढली पण बघायला मजा अशी काही आलीच नाही.

तेव्हा सगळे नशीब नशीब करत होते. माझं मत वेगळं आहे. २०१५ ते २०१९ वॉरियर्सच्या सलग पाच फायनल्स, मी एकदा बसून नुसत्या प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीच्या मॅचेस मोजल्या, २१, २४, १७, २१, २२, बेरीज १०५. नेहमीचा सीझन ८२ चा, म्हणजे पाच वर्षांत या पोरांनी सव्वा सीझन जास्तीचा खेळलाय, तोही सगळ्यात जीवघेणा, आणि उन्हाळ्याची सुट्टी दरवर्षी दोन महिन्यांनी कमी. गुडघा म्हणजे काय एसटीची गाडी आहे का, डेपोत एक रात्र उभी केली की सकाळी परत मार्गावर?

तर पुढचा सीझन. ड्युरंट ब्रुकलिनच्या टीमला, जुने भिडू इग्वोडाला मेम्फिसला, लिव्हिंगस्टन रिटायर, क्ले वर्षभर बाहेर, आणि टीम सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्याकोऱ्या चेस सेंटरमध्ये. (त्याच ऑक्टोबरमध्ये एनबीए मुंबईत पण आलं होतं, वरळीला किंग्ज आणि पेसर्सच्या दोन मॅचेस, मला तिकीट मिळालं नाही, तो राग अजून आहे.) म्हटलं चला, टीमचा सगळ्यात मोठा स्टार स्टेफ करी आहे ना. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले असतील, सकाळी चिवड्याची वाटी मांडीवर, चौथीच मॅच, फीनिक्सविरुद्ध. करी आत घुसला, पडला, आणि फीनिक्सचा धिप्पाड ॲरन बेन्स त्याच्या डाव्या हातावर. हात मोडला. आता हा मात्र निव्वळ अपघात, माझा सव्वा सीझनचा हिशोब इथे लागू होत नाही हे कबूल.

मग जे चाललं ते मी का बघत होतो मलाच माहीत नाही. जुन्यांपैकी ड्रेमंड ग्रीन आणि बाकी सगळी नवी पोरं, त्यातला एरिक पास्कल, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) ४१ व्या नंबरला घेतलेला, तो मात्र दणकून खेळायचा, त्याच्यासाठी मी अलार्म लावायचो. मार्चमध्ये कोव्हिडने लीग थांबली तेव्हा १५ जिंकल्या, ५० हरल्या, सगळ्या लीगमध्ये खालून पहिले. चार वर्षांपूर्वी हीच टीम ७३ जिंकून ९ च हरली होती! ऑरलँडोच्या बबलला, म्हणजे बाहेरच्या लोकांपासून वेगळं ठेवून उरलेला सीझन खेळायला, ३० पैकी २२ टीम बोलावल्या, त्यात पण नाव नाही.

आणि क्ले परत येणार येणार म्हणता म्हणता नोव्हेंबर २०२० मध्ये त्याची पण अकिलीस गेली, दुसऱ्या पायाची. तेव्हा मी खरंच टीव्ही बंद केला होता.

शेवटी ९४१ दिवसांनी, जानेवारी २०२२ ला, क्लीव्हलंडविरुद्ध उतरला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये दोघातिघांतून घुसून डंक मारला, सगळं स्टेडियम उभं. मी तो डंक पाच-सहा वेळा मागे घेऊन बघितला, बॉल कुठे गेला ते नाही, खाली येताना पाय कसे टेकतोय ते बघायला.