पळायचं नाही

"सेन्सेई, एवढी ॲनिमे पाहिलीत तुम्ही, आणि आवडतो कोण, तर शिंजी? तो रडका?"

पुण्यात जपानीचे क्लास घ्यायला लागल्यापासून दर बॅचमधलं कुणी ना कुणी हे विचारतंच. आत्तापर्यंत मी "आवडतो बाबा, काय करू" म्हणून फळ्याकडे वळायचे. पण तुम्ही विचारलंतच, तर एकदा सविस्तर सांगून टाकते. माझं उत्तर थोडंसं व्याकरणाचं आहे, तेवढं सहन करा.

ज्यांनी 'निऑन जेनेसिस इव्हँगेलियन' पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: दिग्दर्शक हिदेआकी आन्नोंची ही २६ भागांची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, मालिका जपानी टीव्हीवर ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात लागली. शिंजी इकारी चौदा वर्षांचा. आई लहानपणीच गेलेली, वडिलांनी दुसऱ्यांकडे वाढायला ठेवलेला. शेवटच्या भेटीनंतर तीन वर्षांनी वडील बोलावून घेतात ते भेटायला नव्हे. शहरावर राक्षसी काहीतरी चालून येतंय आणि इव्हा नावाच्या अजस्र यंत्रमानवात बसून याने लढायचंय. वडील वर काचेमागे उभे. "बसणार असशील तर लवकर बस, नाहीतर चालता हो." पोरगा म्हणतो, जमणार नाही. मग पट्ट्यांमध्ये गुंडाळलेली एक मुलगी स्ट्रेचरवरून आणतात: हा नाही तर ही जाईल. तो तिला सावरायला धावतो, हाताला रक्त लागतं, आणि तो स्वतःशी पुटपुटायला लागतो: "निगेचा दामे दा, निगेचा दामे दा."

भाषांतरात हे बहुतेक ठिकाणी 'मी पळून जाता कामा नये' असं येतं. त्यामुळे सगळे त्याला पळपुटा समजतात. पण मूळ वाक्यात 'मी' नाहीच. आणि '-चा दामे' हे रूप जपानी घरात कोण कुणाला वापरतं? आई पोराला. 'ताबेचा दामे' म्हणजे खायचं नाही. 'सावात्चा दामे', हात लावायचा नाही. आपल्याकडे हुबेहूब तसंच आहे की: रडायचं नाही, मागायचं नाही, पाहुण्यांसमोर हट्ट करायचा नाही. तर शिंजी म्हणतोय, "पळायचं नाही." त्याच्या तोंडून मोठं माणूस बोलतंय. रागावणारं कुणी घरात नव्हतं, म्हणून त्या पोराने ते कामही स्वतःकडे घेतलं.

म्हणून मला तो भित्रा कधी वाटलाच नाही. भित्रा पोरगा पहिल्याच भागात उलटी गाडी पकडून गेला असता. शिंजीचा दोष निराळा आहे आणि तो मला चांगला ओळखीचा आहे, कारण मी आमच्या वाड्यातली 'शहाणी मुलगी' होते. तो सांगितलेलं ऐकतो. शाबासकीसाठी ऐकतो. कुणी ओरडायच्या आत 'सॉरी' म्हणून मोकळा होतो.

बारावा भाग आठवा. अंतराळातून कोसळणारा शत्रू शिंजी आणि इव्हा चालवणाऱ्या आणखी दोघी, अशा तिघांनी अक्षरशः हातांवर झेलायचा असतो, आणि ते झेलतात. वडील तेव्हा अंटार्क्टिकावर. तिथून आवाज येतो, "छान केलंस, शिंजी." बस, एवढंच. नंतर मिसातो, म्हणजे त्याची वरिष्ठ आणि घरमालकीणही, कबूल केल्याप्रमाणे तिन्ही पोरांना स्टेक खायला घालायला निघते. तिच्या पाकिटाची अवस्था पोरांना माहीत असते, त्यामुळे सगळे रस्त्यावरच्या रामेनच्या, म्हणजे नूडल-सूपच्या, गाडीवर बसतात. दोघींपैकी असुका शार्क फिन मागवते, रेई (ती स्ट्रेचरवरची) भरपूर लसणाचं, बिनमांसाचं. आणि वाडग्यासमोर बसून शिंजी हळूच सांगतो की कौतुक झालं की बरं वाटतं हे आज पहिल्यांदा कळलं, बहुतेक मी यासाठीच इव्हात बसतो. असुका त्याला वेड्यात काढते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथेच पॉज केलं आणि उठून पाणी प्यायले.

आता त्याच्या खऱ्या शौर्याबद्दल. माझ्या मते ते एकाच ठिकाणी दिसतं, अठराव्या भागात, आणि तिथे तो एकही ठोसा मारत नाही. समोरचा शत्रू म्हणजे ताब्यात गेलेला दुसरा इव्हा, आत त्याच्याच वयाचं कुणीतरी अडकलेलं. वडील म्हणतात, लढ. हा म्हणतो, नाही. मरशील. चालेल, माणूस मारण्यापेक्षा ते बरं. आयुष्यात पहिल्यांदा बापाला नाही म्हणाला आणि त्यावर टिकला! बाप काय करतो? यंत्राचा ताबा त्याच्याकडून काढून घेतो आणि त्याच्याच इव्हाच्या हातांनी ते काम उरकतो. आत शिंजी ओरडत राहतो, थांबवा, थांबवा. आत कोण होतं हे त्याला नंतर कळतं. त्याच्याच वर्गातला मित्र.

त्यानंतर कुणी त्याला रडका म्हटलं की मला बोलावंसं वाटत नाही.

चोविसाव्या भागात कावोरू येतो. 'तू मला आवडतोस' असं शिंजीला सरळ सांगणारा. (ही मालिका २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा मूळ जपानीतल्या त्या 'सुकी'चं इंग्रजी 'लव्ह' करायचं की 'लाइक' यावर केवढा वाद झाला. मराठीत तो वाद उद्भवलाच नसता. आपलं 'आवडतोस' दोन्ही सांभाळून घेतं.) तर हा आवडणारा मित्रच शेवटी शत्रू निघतो आणि म्हणतो, मला मार. पडद्यावर सुमारे मिनिटभर एकच चित्र, इव्हाच्या मुठीत कावोरू, मागे बीथोवनची नववी सिम्फनी. काही हलत नाही. पुष्कळांना वाटतं तो तिथे धीर गोळा करतोय. मला दिसतो तो 'नाही' शोधणारा मुलगा. अठराव्या भागात एकदा म्हणून पाहिलं, त्याचं काय झालं ते त्याने पाहिलंय. आता दुसरं नाही सापडत नाही. तो ऐकतो.

आन्नोंनी स्वतःच लिहिलंय की ही मालिका करण्याआधी चार वर्षं ते काही करू न शकणारे, पळत राहिलेले माणूस होते, आणि 'पळायचं नाही' हा विचार मनात आला तेव्हा काम सुरू झालं. म्हणजे ते वाक्य आधी त्यांचं.

आणि शेवट. सव्विसावा भाग, मार्च १९९६. लढाई नाही, युद्धाचा निकाल नाही. शाळेतल्या खुर्चीवर बसलेला मुलगा आणि त्याचं स्वतःशी बोलणं. लोक भडकले, पुढच्या वर्षी सिनेमा काढून वेगळा शेवट करावा लागला. तो सिनेमा थोरच आहे, पण मला टीव्हीवालाच शेवट हवा. कारण तिथे शिंजी म्हणतो, "बोकु वा कोको नि इतेमो इई." मी इथे असलो तरी चालेल. यात 'बोकु' आहे, मी आहे. आणि 'चा दामे'च्या जागी 'तेमो इई'. आपण वर्गात ही जोडी एकत्रच शिकतो: अमुक करायचं नाही, तमुक केलं तरी चालेल. पहिल्या वर्षाचा धडा. त्या पोराला तिथवर यायला सव्वीस भाग लागले. मग सगळे भोवती उभे राहून टाळ्या वाजवतात आणि अभिनंदन, अभिनंदन म्हणतात, ज्याची लोक अजून टर उडवतात. उडवोत.

गेल्या आठवड्यात हा प्रश्न विचारणारा मुलगा गृहपाठ अर्धाच करून आला होता. वही पुढे करताना तीन वेळा सॉरी म्हणाला. मी अजून वही उघडलीसुद्धा नव्हती.