नेब्बियोलोच्या गावांत: आल्बा, बार्बारेस्को, बारोलो

उत्तर इटलीतल्या पिएमोंतेला नेब्बियोलो द्राक्षासाठी जायचं असेल, तर ऑक्टोबर गाठा. या वेलीला कोंब लवकर फुटतात, पण फळ पिकतं सगळ्यांच्या शेवटी. दोल्चेत्तो, बार्बेरा ही इथली दुसरी द्राक्षं उतरून झाली तरी याचे घड वेलीवरच. म्हणून टेकडीच्या ज्या दक्षिण उतारावर बर्फ आधी वितळतं, ती जागा पूर्वापार याच्यासाठी राखलेली. 13व्या शतकातल्या कागदपत्रांतही याचं नाव सापडतं. मात्र तोडणीच्या धांदलीत छोट्या वाइनरी पाहुण्यांना घेत नाहीत, तेव्हा आधीच ईमेल करून वेळ पक्की करा.

पेल्यातला रंग बघून फसू नका. रंग इतका फिकट, की सोबतच्या मित्राला आधी पाणी घातल्याचीच शंका आली. वास गुलाबाचा आणि खाली चक्क डांबराचा. घोट घेतला की हिरड्या आवळतात, ओंजळभर जांभळं खाल्ल्यावर होतं तसं, आणि मागून सणसणीत आंबटपणा. हा तुरटपणा निवळायला वेळ लागतो. म्हणून बारोलो आणि बार्बारेस्को या गावांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नेब्बियोलोच्या वाइनना नियमच आहे: बारोलो किमान 38 महिने मुरवायची, त्यातले 18 लाकडी पिंपात; बार्बारेस्कोला 26 आणि 9.

तेव्हा थेट बारोलोवर उडी नको. आधी 'लांगे नेब्बियोलो' (लांगे म्हणजे इथला डोंगराळ भाग) घ्या, स्वस्त आणि मऊ. मग बार्बारेस्को. तिथली सहकारी वाइनरी 1958 मध्ये गावच्या पाद्रीबाबांनी 19 शेतकऱ्यांना एकत्र आणून काढली. पहिली काही वर्षं वाइन चर्चच्या तळघरात बनायची. सहकार म्हटलं की आपले कान टवकारतातच! बारोलोच्या भागातल्या ला मोर्रा आणि सेर्रालुंगा या दोन गावांची एकाच सालाची वाइन शेजारी ठेवून चाखा. पहिली सुगंधी, नरम, दुसरी राकट. द्राक्ष तेच, माती वेगळी.

बारोलोच्या किल्ल्यातलं संग्रहालय मला जरा नाटकीच वाटलं. त्यापेक्षा ग्रिंझाने कावूरचा किल्ला बघा. इटलीच्या एकीकरणाचे शिल्पकार कावूर या गावचे महापौर होते.

तोरिनोहून (ट्यूरिन) आल्ब्याला रेल्वे आहे, पुढे गावोगावच्या बस कमी, रविवारी तर विचारूच नका. गाडी भाड्याने घेतलीत तर चालवणाऱ्याने घोट थुंकायचा. त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं, कुणी वाईट मानत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आल्ब्यात पांढऱ्या ट्रफलचा (जमिनीखाली वाढणारी महागडी बुरशी) बाजार भरतो, शनिवार-रविवारी हॉटेलं महागतात. त्यापेक्षा जवळच्या ब्रा गावात राहा. शाकाहाऱ्यांनी लोणी आणि सेजची पानं घातलेली 'तायारिन' ही बारीक शेवयांसारखी पास्ता मागवावी (अंडं असतं). 'बान्या काउदा' ही गरम चटणी भाज्यांसोबत येते, पण तिच्यात मासे असतात.

भारतात परतताना माणशी दोन लिटर दारूच करमुक्त, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. एक बार्बारेस्को लगेच उघडायला, एक बारोलो ठेवायला.