वाळवीनं खाल्लेली शेवटची पानं

अमळनेरला आबांच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्यात इंद्रजाल कॉमिक्सचे साठेक अंक. निम्म्यांना मुखपृष्ठ नाही आणि बऱ्याच गोष्टींचे शेवट वाळवीनं खाल्लेत. गेल्या मे महिन्यात दोन्ही भाचे आणि त्यांचा शिरपूरकडचा एक पावरा आदिवासी मित्र घरी होते. दुपारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची सोय नाही, म्हणून मी त्यांना रोल-प्लेइंग गेम खेळवायचं कबूल करून बसले: एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं होऊन काय करायचं ते ठरवायचं. पुण्यात असताना मी दोन वर्षं त्यातलाच डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळले होते, पण खेळ चालवणारी दुसरीच कुणीतरी असायची.

वीस बाजूंचा फासा गावात मिळेना. मग हाऊजीच्या पिशवीत १ ते २० एवढेच नंबर ठेवले. एक उचलायचा, वाचायचा, परत टाकायचा. (परत टाकायला विसरलात की गणित बिघडलंच.)

पहिल्या दिवशी वेताळाची, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमची, जंगलातल्या त्या मुखवटेवाल्या गोऱ्या नायकाची एक गोष्ट जशीच्या तशी घेतली. कवटीची गुहा, चाचे, विषारी बाण, सगळं होतं. वीस मिनिटांत पोरं भिंतीला टेकली. दार वेताळच फोडणार, ठोसाही तोच मारणार, मग यांनी करायचं काय? धाकटा म्हणाला, "आत्या, त्यापेक्षा तू वाचूनच दाखव ना."

त्या रात्री अंक पुन्हा काढले आणि वही घेऊन बसले. वेताळ आलाच नाही तर काय होईल, एवढंच लिहायचं ठरवलं. चाचे पहिल्या रात्री कुठे, दुसऱ्या रात्री कुठे, माल कधी हलवणार. नायक काढला की उरतो तो खलनायकाचा बेत, आणि खेळाला तेवढंच लागतं. गंमत म्हणजे शेवट खाल्लेले अंक सगळ्यात कामाचे निघाले. सुटका कशी झाली हे मलाच आठवत नव्हतं, त्यामुळे पोरांना त्या वाटेनं ढकलायचा मोह झाला नाही.

दुसरी गोष्ट चौकटी मोजताना लक्षात आली. ली फॉकचा वेताळ १९३६ पासून वर्तमानपत्रात रोज थोड्या चौकटींनी पुढे सरकायचा. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजालनं त्याच पट्ट्या जोडून अंक काढले. म्हणून दर तीन-चार चौकटींनी काहीतरी दचकवतं: दिवा विझतो, पाऊल वाजतं. मीही वहीत तसंच मांडलं. पोरं रेंगाळली की एक दचका.

तिसऱ्या दिवशी पावरा मुलानं विचारलं, "जंगलातले लोक कायम त्या गोऱ्याच्याच पाया का पडतात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. लहानपणी हे अंक मी शंभर वेळा वाचले असतील, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता. चाच्यांचा तो बेत तसाच उचलला आणि शिरपूरच्या वरच्या अंगाला, सेंधव्याच्या घाटात आणून टाकला. १८५७ च्या उठावात भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक यांनी कंपनी सरकारचा खजिना लुटला तो याच घाटात. आधी त्याच घाटाची राखण करायच्या नोकरीत होते ते. चाच्यांच्या जागी कंपनीचे शिपाई, गलबताच्या जागी बैलगाड्या. आता जंगल ज्यांचं, तेच खेळाडू.

मला वाटलं होतं, दरडी लोटतील, बाण मारतील. त्यासाठी नियमही लिहून ठेवले होते. पावरा मुलगा म्हणाला, गाडीवान तर आपल्याच गावचे असतील, आधी त्यांच्याशी बोलू. अर्धी दुपार त्यांनी गाडीवानांबरोबर चूल पेटवण्यात घालवली आणि माझे दरडींचे नियम वाया गेले. गाडीवानांचा म्होरक्या मला जागच्या जागी उभा करावा लागला. तो चिडका निघाला, आणि पोरांना फार आवडला. ओट्यावर पडलेले आबा डोळे मिटूनच विचारायचे, "आते काय व्हई रे?"

खेळातल्या रात्री बैलगाडीच्या आसाला फट पाडायची ठरली. थोरल्यानं पिशवीत हात घातला. ३, म्हणजे अगदीच कमी. आस मोडला, पण एवढ्या जोरात की अख्खा तळ जागा झाला. तेवढ्यात वहिनीनं कळण्याच्या भाकरीला हाक मारली आणि तिघेही जेवायला उठेनात.

उरलेल्या धड अंकांची शेवटची चार-चार पानं वहिनीनं स्टेपल मारून दिली आहेत. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत उघडायची नाहीत, असा तिचा हुकूम आहे.