४,२९,४९,६७,२९७ आणि ६४१

आजची दुपार एकाच भागाकारात गेली. २ चा ३२ वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मिळते. याच साच्यातल्या (२ चा १, २, ४, ८, १६ असा दुप्पट होत जाणारा घात अधिक १) आधीच्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही संख्या मूळ आहेत, म्हणून हीदेखील मूळच असणार असे सतराव्या शतकातले फ्रेंच गणिती फर्मा यांचे मत होते. परंतु १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलर यांनी तिला ६४१ ने निःशेष भाग जातो हे दाखवून दिले. हा विभाजक त्यांनी अंदाजाने शोधलेला नव्हता. या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीहून १ ने मोठा असला पाहिजे, हे एकदा कळले की १९३, ४४९, ५७७ अशा मोजक्याच संख्या तपासाव्या लागतात आणि लगेच ६४१ ची पाळी येते.

हातांनी भाग देताना एक गंमत दिसली (कॅल्क्युलेटरवर ती निसटली असती). पहिल्याच पायरीला बाकी ४४८ उरते, पुढचा ९ खाली घेतला की ४४८९ होतात आणि ७ चा भाग जाऊन २ उरतात. शेवटच्या पायरीआधी पुन्हा तेच ४४८ उरतात, मात्र या वेळी खाली ७ येतो, ४४८७ होतात आणि बाकी शून्य. भागाकार ६७,००,४१७, आणि तोही मूळच.

फर्मा यांच्या साच्यात ६५,५३७ नंतर आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही.