दोन ओळींचे एकवीस महिने

आई दवाखान्यात ॲडमिट होती. रात्री अकरानंतर मिरवणूक नेमकी दारासमोर थांबली आणि डीजेनं खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. मी स्टेटसला दोन ओळी टाकल्या : 'देवाला हळू आवाजातही ऐकू येतं. आत पेशंट आहेत.'

चौथ्या दिवशी पोलीस ठाण्यातून फोन आला. गुन्हा दाखल, भारतीय दंड संहितेचं कलम १५३अ, दोन गटांत तेढ निर्माण करणं. अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ही २०२२ सालची गोष्ट.

वकील म्हणाले, "घाबरू नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्येच बजावलंय." आली ती ४१अ ची नोटीसच, म्हणजे अटकेऐवजी चौकशीला हजर राहा असं सांगणारी. जबाब झाला. मोबाईल खाकी पाकिटात गेला, पाकिटावर लाखेचं सील बसलं, दोन पंचांनी सह्या केल्या. आईचे दवाखान्यातले सगळे रिपोर्ट त्या फोनमध्ये होते. एवढंच सांगत होतो, पण 'मुद्देमाल आहे' हे एकच उत्तर.

मग नुसतं थांबणं. या कलमाखाली सरकारची मंजुरी असल्याशिवाय कोर्टाला दखल घेता येत नाही. मंजुरी येईना, म्हणून चार्जशीट नाही आणि सुटकाही नाही. नव्या नोकरीच्या पोलीस पडताळणीत 'गुन्हा प्रलंबित' असा शेरा पडला आणि ती नोकरी गेली. शिक्षा आणखी वेगळी काय असते?

शेवटी हायकोर्टात गुन्हा रद्द करण्यासाठी ४८२ चा अर्ज केला. वकिलांचे मुद्दे साधे होते : माझ्या ओळींत दोन गट कुठे आहेत, आणि तेढ लावण्याचा हेतू कुठे आहे? त्यांनी न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा नागपूर हायकोर्टातला १९४६ चा निकाल दाखवला. शब्दांचा परिणाम समजूतदार, खंबीर, धीट माणसाच्या मापानं मोजायचा, डळमळीत मनाच्या मापानं नाही. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसला हेच माप लावून त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. त्यानंतर तीन महिन्यांत माझाही रद्द झाला.

कुणाला मारा-जाळा म्हणून चिथावणाऱ्यावर कायदा हवाच, त्यात मला शंका नाही. पण १८९८ चं १५३अ आणि धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याबद्दलचं १९२७ चं २९५अ ही इंग्रजांच्या काळातली कलमं पूर्ण काढून टाकावीत, असं माझं ठाम मत आहे. नको असलेलं बोलणाऱ्याला अडकवायला ती फार सोपी पडतात. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा देणारं आयटी कायद्यातलं ६६अ २०१५ मध्ये रद्द झालं, त्यानं देश मोडला नाही. ही दोन मात्र १ जुलै २०२४ पासून, दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत १९६ आणि २९९ या नव्या आकड्यांनी तशीच बसली आहेत.

निकालाची प्रत हातात आली तेव्हा आधी चौथं पान उघडलं. माझ्या दोन्ही ओळी तिथे जशाच्या तशा छापलेल्या आहेत. आईला त्या मोठ्यानं वाचून दाखवल्या.