काटा वर चढतच नव्हता

डिसेंबरमधल्या एका पहाटे चांदोरीच्या अलीकडे मला गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. गाडी व्यवस्थित चालत होती, फक्त समोरचं दिसत नव्हतं. आत आम्ही चार शिक्षिका, चौघींचे श्वास, बाहेर गोदाकाठचं धुकं आणि आतून पांढरी झालेली काच. नॉब पार लाल टोकाला फिरवलेला, ब्लोअर चारवर आणि जाळीतून येणारी हवा गारढोण. एसी लावला की काच साफ व्हायची, पण पाच मिनिटांत बोटं आखडायची. मागच्या सीटवरून भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "अहो, हा हिटर आहे की कूलर?"

निफाडची थंडी काय असते ते तिथं पहाटे गेल्याशिवाय कळत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर आला की दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर बातमी असते, आणि त्या दिवसांत द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर रस्त्यावर उतरलेला असतो. आमची शाळा सकाळची. नाशिकहून सहाला निघावं लागतं. त्यामुळे हिटर ही आमच्यासाठी चैन नव्हती.

गाडी जुनी, पेट्रोलवरची, हिटरला साधा फिरवायचा नॉब असलेली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी विज्ञान शिकवते, त्यामुळे एवढं ठाऊक होतं की हिटरला स्वतःची अशी उष्णता नसते. इंजिनातून तापून आलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. म्हणजे हवा गार येत असेल तर एकतर गरम पाणी तिथं पोचत नाही, किंवा पोचतंय पण हवा त्यावरून जात नाही, किंवा मुळात पाणीच गरम नाही. ही तिसरी शक्यता मी तेव्हा हसण्यावारी नेली. इंजिन चालू आहे म्हटल्यावर ते गरम असणारच की!

रविवारी सकाळी बॉनेट उघडलं. कूलंटची बाटली खालच्या खुणेच्याही खाली गेलेली. सापडलं, म्हणून खुशीत वर भरलं. काही फरक नाही. मग यजमान डॅशबोर्डखाली डोकं घालून झोपले आणि मी नॉब फिरवत राहिले. केबल शाबूत होती, झडप या टोकापासून त्या टोकापर्यंत हलत होती. मान अवघडली त्यांची, एवढंच.

सोमवारी शाळेतून परतताना एका गॅरेजात दाखवली. त्यांनी जाळीसमोर हात धरला आणि निकाल दिला: हिटर कॉइल (तोच डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) चोक झालीय, पूर्ण डॅशबोर्ड खोलावा लागेल, गाडी दोन दिवस ठेवा. आकडा ऐकून मी "घरी विचारून सांगते" म्हणाले. अशा वेळी घरी विचारणं फार उपयोगी पडतं.

घरी खरंच विचारलं. आप्पा एसटीत चालक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी हिटरबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाले, "तापमानाचा काटा कुठं असतो?"

"खालीच असतो, आप्पा. मे महिन्यात कसाऱ्याला तापली होती ना, तेव्हापासून एकदाही वर चढला नाही." हे मी कौतुकानं सांगितलं होतं. सहा-सात महिने तो काटा तळाशी बघून मी गाडीची तब्येत ठणठणीत आहे असं समजत होते.

"निफाडपर्यंत जाऊनसुद्धा खालीच? मग इंजिन तापतच नाहीये. हिटर बिचारा काय करील?"

त्यांनी आणखी एक विचारलं, जे मला आधी सुचायला हवं होतं. हवा सगळीकडे सारखीच गार येते का? नाही. आडगाव नाक्याच्या सिग्नलला थांबलं की जरा कोमट लागायची आणि हायवेला वेग घेतला की पुन्हा गार. कूलंट कमी असेल किंवा पाइपात एअर धरली असेल तर बहुधा उलटं होतं: उभ्या गाडीत गार आणि रेस दिली की गरम. माझ्याकडे वारा लागला की इंजिन थंड पडत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गाडी गरम असताना, इंजिनाकडून डॅशबोर्डकडे जाणारे दोन होजपाइप हात लावून बघितले. (पंख्यापासून ओढणी लांब ठेवा, तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.) एक गरम आणि एक गार असता तर कॉइल चोक म्हणणाऱ्यांचं खरं ठरलं असतं. दोन्ही सारखेच कोमट होते. पुढच्या पहाटे थंड गाडी सुरू करून पुढच्या मोठ्या, पाणी गार करणाऱ्या रेडिएटरच्या वरच्या पाइपावर हात ठेवला. खरं तर हा पाइप बराच वेळ गार राहायला हवा आणि मग एकदम तापायला हवा. माझा मात्र इंजिनाबरोबर पहिल्यापासूनच हळूहळू ऊबदार होत गेला. म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं दार सताड उघडं होतं.

त्या दाराला थर्मोस्टॅट म्हणतात, गॅरेजात नुसतं 'वॉल' (म्हणजे व्हॉल्व्ह). आत मेण असतं. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की मेण फुगतं, झडप ढकलतं आणि तेव्हाच पाणी रेडिएटरकडे जातं.

आप्पांनी खात्री करायला जुना उपाय सांगितला: रेडिएटरसमोर निम्म्या भागावर पुठ्ठा लावायचा. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा सुतळीनं बांधला आणि काट्यावर नजर ठेवत निघाले. माडसांगवी गेल्यावर काटा हलला आणि जाळीतून चक्क गरम वारा आला. गाडीत टाळ्या पडल्या. पुठ्ठा कायम ठेवायचा नसतो, तो विसरला आणि दुपारी ऊन तापलं की गाडी उकळते. शाळेत पोचताच काढला.

मग नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका मिस्त्रींकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी गाडी गार होऊ दिली, कारण गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. दोन बोल्ट काढून हाउसिंग उघडलं, आत बोट फिरवलं आणि हसले.

"मॅडम, वॉल खराब नाहीये."

"मग?"

"वॉलच नाहीये. कोणीतरी काढून टाकलाय."

मे महिना डोळ्यांसमोर आला. कसारा घाटात वाफा निघाल्यावर गाडी टो करून नेली होती आणि तिथल्या माणसानं तासाभरात परत देताना सांगितलं होतं, "आता गाडी कधीच तापणार नाही." शब्दाला जागला तो. आपल्याकडे उन्हाळ्यात तापणाऱ्या गाडीवर हा नेहमीचा तोडगा आहे म्हणे. मला सांगितलं असतं तर निदान पेट्रोल पंपवाल्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या नसत्या. लिटरला सतरा देणारी गाडी पावसाळ्यापासून चौदावर आली होती. इंजिन थंड आहे असं समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो, हे मिस्त्रींनी सांगितलं.

पण नवा वॉल बसवण्याआधी त्यांनी बरोबर प्रश्न केला: मग मे महिन्यात तापली कशानं? नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कसारा. पंखा वेळेवर लागत होता, रेडिएटर साफ होता, पण झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं. तिथून दाब सुटतो, पाणी लवकर उकळतं आणि कमीही होतं. बाटली का उतरली होती तेही कळलं. जुना वॉल बंद अवस्थेत अडकला होता का, ते मात्र आता कोण सांगणार? तो केव्हाच भंगारात गेला असेल.

वॉल, गॅस्केट, झाकण, कूलंट आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत काम झालं. बोअरचं पाणी घालू दिलं नाही, क्षार बसतात म्हणून कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच. मग आत अडकलेली हवा काढायला गाडीचं नाक रॅम्पवर वर करून, झाकण उघडं ठेवून, हिटर फुल करून गार इंजिन सुरू केलं. मिस्त्री होजपाइप दाबत होते आणि तोंडाशी बुडबुडे येत होते. ते थांबायला वीसेक मिनिटं लागली. काटा मधोमध येऊन स्थिरावला, पंखा लागला, बंद झाला. हे मी तीनदा बघितलं तेव्हाच पैसे दिले.

येताना तसाच आणखी एक वॉल विकत घेतला. आठवीच्या वर्गात पातेल्यात पाणी तापवून तो उघडताना दाखवला. त्यावर ८२ कोरलेलं होतं, आणि आमच्या प्रयोगशाळेच्या थर्मामीटरवर तो ८३ ला हलला. थर्मामीटर चुकीचा की वॉल, यावर मुलांचा तास संपेपर्यंत वाद चालला.

भूगोलाच्या बाई हल्ली शिलापूर आलं की शाल काढून ठेवतात आणि नॉब जरा निळ्याकडे घ्यायला सांगतात.