लेन्सला पाणी चालत नाही

कमरेला ढोल बांधला की चष्मा टिकत नाही. पाच-दहा मिनिटांत घामाने नाकावरून घसरायला लागतो, आणि सावरायला हात मोकळा नसतो. माझा नंबर उणे साडेसहा. पथकातल्या पहिल्या वर्षी मी चष्मा खिशात ठेवून वाजवलं. पुढे नाचणारा ध्वज मला नुसता भगवा ढग दिसत होता. दुसऱ्या वर्षी नदीपात्रात सराव सुरू व्हायच्या आधीच ठरवलं, आता कॉन्टॅक्ट लेन्स लावायच्या.

एका मैत्रिणीने चष्म्याच्याच नंबरच्या लेन्स दुकानातून परस्पर घेतल्या होत्या. मी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले ते बरं झालं. त्यांनी बुबुळाची वक्रता मोजली, डोळ्यांत पुरेसं पाणी राहतं का ते बघितलं आणि लेन्सचा नंबर उणे सहा काढला. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर पुढे असते, लेन्स थेट डोळ्यावर बसते, म्हणून मोठ्या नंबरात हा फरक पडतो. मग चाचणीच्या लेन्स घालून अर्धा तास बसवून ठेवलं आणि त्या डोळ्यावर नीट हलतात का ते पुन्हा तपासलं.

लावायला शिकवलं तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नंबर तपासणाऱ्या ताईंनी. साबणाने हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, टॉवेलचा धागा बोटाला राहिला नाही ना ते बघायचं. लेन्स बोटाच्या टोकावर घेऊन बाजूने पाहायची: कडा सरळ वर गेलेल्या असतील, वाटीसारखी दिसत असेल, तर बरोबर; कडा बशीसारख्या बाहेर पसरल्या असतील तर उलटी. रोज उजवा डोळा आधी, म्हणजे अदलाबदल होत नाही. लेन्स आधी, काजळ नंतर. पहिल्या दिवशी मला पाऊण तास लागला. लेन्स डोळ्याच्या मागे गेली तर, ही भीती मला फार होती. ताईंनी चित्र काढून दाखवलं की पापणीच्या आतलं अस्तर वळून डोळ्यालाच जोडलेलं असतं, मागे जायला वाटच नाही.

त्यांनी एक गोष्ट तीनदा सांगितली होती. लेन्सला आणि लेन्सच्या डबीला पाणी लावायचं नाही. नळाचं नाही, उकळलेलं नाही, फिल्टरचंही नाही. फक्त सोल्युशन, म्हणजे लेन्स धुवायचं आणि बुडवून ठेवायचं खास द्रव. मी मान हलवली, पण मनात ते शिरलं नाही. आमच्या घरात काहीही स्वच्छ करायचं म्हणजे पाण्याने धुवायचं. डोळ्यांत कचरा गेला तरी आई पहिल्यांदा गार पाण्याचा हबका मारायला सांगते. पाण्यानेच काही बिघडेल हे मला खरंच वाटत नव्हतं.

पहिले दोन महिने मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. मग हळूहळू सैल पडले. डबीतलं कालचं सोल्युशन ओतून न देता त्यातच थोडं नवीन घालायला लागले. तळहातावर लेन्स चोळणं बंद केलं. लेन्स महिन्याच्या होत्या. पाकीट उघडल्यापासून 30 दिवस मोजायचे असतात, मी घातलेले दिवस मोजत होते. काही त्रास होत नव्हता, म्हणून वाटलं चालतंय.

अनंत चतुर्दशीला सकाळी सहाला लेन्स घातल्या. पुण्याची मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती किती लांबते हे सांगायला नको. आमचा नंबर रात्री उशिरा लागला. मधल्या वेळात टेम्पोत ढोलांना टेकून मी दोन तास झोपले, लेन्स घालूनच. वादन संपलं तेव्हा तोंडभर गुलाल होता. अलका चौकाच्या पुढे एका नळावर सगळ्यांनी तोंडं धुतली, मीही ओंजळीने उघड्या डोळ्यांवर पाणी मारलं. घरी पोचून सकाळी दहाला लेन्स काढल्या. सोल्युशनची बाटली रिकामी होती. डबीत स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी भरलं, लेन्स टाकल्या आणि झोपले. दुसऱ्या दिवशी त्याच लेन्स परत घातल्या.

संध्याकाळी डावा डोळा खुपायला लागला. रात्री लाल झाला, पाणी वाहायला लागलं, ट्यूबलाइटकडे बघवेना. आजीने गुलाबपाणी काढलं, आईने गार पट्टी ठेवली. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'डोळे आल्यावर देतात ते' ड्रॉप आणले. लाली थोडी उतरली, त्यामुळे आणखी दोन दिवस गेले. चौथ्या दिवशी ठणक्याने पहाटे जाग आली. आरशात पाहिलं तर काळ्या बुबुळावर, खालच्या बाजूला, मोहरीएवढा पांढरा ठिपका. आजीने डोळा पाहिला आणि म्हणाली, "फूल पडतंय गं. चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

डॉक्टरांनी डोळ्यात नारिंगी रंगाची पट्टी टेकवली आणि निळ्या उजेडात पाहिलं. जिथे बुबुळाचं कवच खरवडलेलं असतं तिथे तो रंग हिरवा चमकतो. मग त्यांनी मेडिकलमधल्या ड्रॉपची बाटली मागितली आणि त्यावरची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने लाली आणि दुखणं दबतं, पण जंतूंशी लढायची डोळ्याची ताकदही दबते. "तुला बरं वाटत होतं, त्या दोन दिवसांत आत जखम वाढत होती," त्या म्हणाल्या. लेन्स लावणाऱ्याचा डोळा दुखून लाल झाला, तर लेन्स काढायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, मधे मेडिकलवाला नको, हे तेव्हा समजलं.

डोळा बधिर करून जखमेचा खरवडा काचपट्टीवर घेतला. लेन्स आणि डबीही तपासायला मागवली. स्यूडोमोनास नावाचे जीवाणू निघाले, जखमेतही आणि डबीतही. ते ओलाव्यात सहज वाढतात. डॉक्टरांनी कारण समजावलं. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, त्याला प्राणवायू बराचसा थेट हवेतून मिळतो. वर लेन्स आणि त्यावर मिटलेली पापणी म्हणजे तो कोंडतो, पृष्ठभाग नाजूक होतो, आणि लेन्सला चिकटून आलेल्या जंतूंना आत शिरायला वाट मिळते. नळाच्या पाण्यात अकँथामिबा नावाचा अमिबाही असू शकतो. तो स्वतःभोवती कवच करून बसतो, त्यामुळे त्याच्यावरचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. माझ्या खरवड्यात तो सापडला नाही. पिण्याचं पाणी पोटाला चालतं, कारण पोटाला त्याचं संरक्षण आहे. लेन्सखालच्या बुबुळाला तसं नाही.

पुढचे दोन दिवस आणि दोन रात्री दर तासाला औषध. दोन वेगवेगळे ड्रॉप, मधे पाच मिनिटांचं अंतर. एक बाटली फ्रिजमध्ये. शिवाय बाहुली मोठी करणारं तिसरं औषध, ठणका कमी व्हावा म्हणून. रात्रीची पाळी आई आणि बाबांनी वाटून घेतली. गजर वाजला की बाबा फ्रिज उघडायचे, आणि मी तो आवाज ऐकून पापणी ओढून धरायचे. त्या रात्रींत मला सारखं वाटत होतं की दुसरा डोळा झाकला आणि समोर काहीच दिसलं नाही तर. तिसऱ्या दिवशी ठिपक्याची कड आखडली आहे असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा बाबा बाहेर जाऊन बाकावर बसले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

जखम भरायला तीन आठवडे लागले. बुबुळाच्या खालच्या कडेजवळ पुसट डाग राहिला आहे. तो मधोमध असता तर नजर अधू झाली असती. दिसायला मला अडचण नाही, पण आरशात वाकून बघितलं की तो दिसतो.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी परत लेन्सची परवानगी दिली, रोज नवीन घालून रोज टाकायच्या. महाग पडतात, म्हणून फक्त वादनाच्या दिवशी घालते. डबीच नाही, त्यामुळे डबीतला ओलावाही नाही. अंघोळ आणि तोंड धुणं लेन्स घालायच्या आधी. डुलकी येईल असं वाटलं तरी काढून टाकते. पथकातल्या पाच-सहा जणी महिन्याच्या लेन्स वापरतात, त्यांना मी सरावाच्या पहिल्याच दिवशी बसवून सांगितलं: काढलेली लेन्स सोल्युशनमध्ये चोळा, बाटलीवर 'चोळायची गरज नाही' लिहिलं असलं तरी, डबी रोज रिकामी करा, सोल्युशनने खळबळा, उघडी पालथी वाळवा, तीन महिन्यांनी फेकून द्या. एकीने डबी दाखवली, तिच्या तळाला बुळबुळीत थर होता. ती तिथेच कचऱ्यात गेली.

यंदा चतुर्दशीला आमचा नंबर रात्री नऊनंतर होता. आठला सदाशिव पेठेत मैत्रिणीच्या घरी गेले, साबणाने हात धुऊन कोरडे केले, रात्र लांबणार, डुलकी येईल असं वाटलं म्हणून लेन्स काढून टाकून दिल्या आणि चष्म्याला मागून इलॅस्टिकचा पट्टा बांधला. बेलबाग चौकात काच दोनदा घामाने धुरकटली. शेजारच्या दादाने दोन्ही वेळा उपरण्याने पुसून दिली. पट्टा सुटला नाही, आणि ध्वज शेवटपर्यंत स्पष्ट दिसत होता.